ब्लेंडरमधली पायथॉन स्क्रिप्ट: बदल केला, तरी उत्तर जुनंच का?

समजा, मॉडेलच्या ट्रेनिंगसाठी तुम्ही कृत्रिम चित्रांचा डेटासेट बनवताय. ब्लेंडरमध्ये पायथॉन स्क्रिप्ट कॅमेरा फिरवते, रेंडर घेते. कॅमेऱ्याचं अंतर काढणारं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये आहे. त्यात चूक सापडली, दुरुस्त केली, सेव्ह केली, पुन्हा रन केलं. एरर नाही. शंभर चित्रं तयार, आणि सगळी जुन्याच अंतरावरची!

गोंधळू नका, कारण साधं आहे. टर्मिनलवर स्क्रिप्ट चालवतो तेव्हा पायथॉन दर वेळी नव्याने सुरू होतो. ब्लेंडरच्या आत मात्र एकच इंटरप्रिटर ब्लेंडर बंद होईपर्यंत चालू असतो. एकदा इम्पोर्ट केलेलं मॉड्यूल 'सिस.मॉड्यूल्स'मध्ये साठतं. पुढच्या इम्पोर्टला पायथॉन फाइल वाचतच नाही, साठवलेलंच हातात देतो. म्हणजे मुख्य स्क्रिप्ट नवी, पण मदतीची फाइल जुनी. एरर आला असता तर परवडलं असतं. इथे चुकीचा निकाल गुपचूप प्रबंधात जाऊन बसतो.

मग करायचं काय?

पहिलं, ब्लेंडर टर्मिनलमधून सुरू करा. प्रिंट केलेलं आणि पूर्ण ट्रेसबॅक तिथे दिसतं. विंडोजवर 'विंडो' मेनूतून सिस्टिम कन्सोल उघडता येतो.

दुसरं, मॉड्यूल बदललं की 'इम्पोर्टलिब.रीलोड' वापरा. 'फ्रॉम' लावून घेतलेली नावं मात्र आपोआप बदलत नाहीत. रीलोडनंतर ती पुन्हा इम्पोर्ट करा.

तिसरं, एकेक ओळ तपासायची असेल तर 'डीबगपाय' घ्या आणि व्हीएस कोड जोडा. ते ब्लेंडरसोबत येणाऱ्या पायथॉनमध्ये इन्स्टॉल करायचं, तुमच्या नेहमीच्या पायथॉनमध्ये नाही. ब्रेकपॉइंटवर ब्लेंडरची विंडो गोठते. तो क्रॅश नव्हे. स्क्रिप्ट मुख्य थ्रेडवर चालते, म्हणून तसं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रबंधात जाणारा डेटा उघड्या ब्लेंडरमधून घेऊच नका. कमांड लाइनवर 'बॅकग्राउंड' आणि 'पायथॉन' हे पर्याय देऊन चालवा. दर वेळी कोरी सुरुवात मिळते. 'पायथॉन-एक्झिट-कोड' हा पर्यायही द्या, तोही 'पायथॉन'च्या आधी. नाहीतर स्क्रिप्ट मध्येच कोसळली तरी ब्लेंडर शून्य परत करतो, आणि तुमच्या बॅचला वाटतं सगळं नीट झालं.

उघडं ब्लेंडर प्रयोगासाठी ठेवा. निकाल नेहमी कोऱ्या पाटीवरून घ्या.