समोरची काच स्वच्छ, तर प्रवास सुखरूप

आपल्या समाजातील कितीतरी तरुण आज टॅक्सी, टेम्पो, जीप आणि कंपनीच्या गाड्या चालवून संसाराचा गाडा ओढत आहेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी अशा प्रवासांत त्यांच्या गाड्या रात्र-रात्र धावतात. गाडीत आयाबाया असतात, म्हातारी माणसे असतात, झोपलेली लेकरे असतात. निघण्यापूर्वी डिझेल पाहिले जाते, चाकातली हवा पाहिली जाते. पण काचेवर पाणी मारणारी टाकी भरलेली आहे की कोरडी, हे फारच थोडे लोक पाहतात.

ही बाब क्षुल्लक नाही. हायवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाचा चिखल काचेवर उडतो. रात्री दिव्यांकडे झेपावणारे किडे काचेवर चिरडतात. अशा वेळी टाकी कोरडी असेल आणि ड्रायव्हरने नुसता वायपर फिरविला, तर घाण निघत नाही, उलट पसरते. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड त्या पसरलेल्या घाणीवर पडतो आणि काही क्षण काहीच दिसत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सोळा मीटरहून अधिक अंतर कापते. तेवढ्यात रस्ता ओलांडणारा माणूस दिसला नाही, तर पुढचे सांगायला नको. शिवाय कोरड्या धुळीवर वायपर घासल्याने काचेवर ओरखडे पडतात, ते कायमचेच.

चाळीसगावचा टांगा

गाडी हाकणे हे कसबाचे काम आहे. त्या कसबाशी जातीचा अहंकार आडवा आला की काय होते, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या देहावर सोसले. १९२९ साली ते चाळीसगावला उतरले असता, त्यांना टांग्यातून नेणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळेना. अखेर महारवाड्यातील एक जण लगाम धरून बसला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. दोष त्या बिचाऱ्याचा नव्हता, हाकायला नकार देणाऱ्यांचा होता. आज आपल्या मुलांच्या हाती स्टेअरिंग आहे, परवाना आहे. ते कसब पूर्ण अंगी बाणले पाहिजे. काचेच्या पाण्यासारख्या बारीक गोष्टीही त्यातच येतात.

टाकी कशी भरावी?

बहुतेक गाड्यांत बॉनेट उघडल्यावर ही प्लास्टिकची टाकी किंवा तिचे तोंड दिसते. झाकणावर काच आणि फवाऱ्याचे चित्र असते. शेजारीच कूलंटची टाकी असते, तिच्याशी गल्लत करू नये. इंजिन तापलेले असताना कूलंटचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडून माणूस भाजतो. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून, चित्र नीट पाहूनच झाकण काढावे.

बोअरचे पाणी शक्यतो टाकू नये. त्यातील क्षार बारीक भोकांत साचून फवारा बंद पडतो. फिल्टरचे स्वच्छ पाणी घ्यावे आणि दुकानात मिळणारे काच धुण्याचे औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावे. कपड्यांची पावडर किंवा शाम्पू टाकू नये. त्याचा फेस होतो, काचेवर डाग राहतात आणि नळी तुंबते. रॉकेल किंवा डिझेलने काच पुसल्यास तेलकट थर बसतो.

नुसते पाणी महिनोन् महिने साचू देणेही बरे नाही. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि फवाऱ्याबरोबर श्वासात जाऊ शकतात. इंग्लंडमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लीजनेअर्स या न्यूमोनियासारख्या आजाराचा संबंध औषध न मिसळलेल्या अशा पाण्याशी आढळला. गाडी चालविणे हाच ज्यांचा धंदा, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

फवारा येत नसेल तर आधी पाणी पाहावे, मग नळी निसटली आहे का ते पाहावे. भोक बुजले असेल तर बारीक सुईने हलकेच साफ करावे. तरीही पाणी येत नसेल तर फ्यूज किंवा मोटार मेकॅनिकला दाखवावी. टाकी रिकामी असताना बटण दाबून धरू नये, मोटार जळते. वायपरचे रबर कडक झाले किंवा चिरले असेल तर पावसाळ्यापूर्वी बदलावे.

घरातील माणसांसाठी

हे औषध पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून घरात ठेवू नये. लेकरू पाणी समजून पिऊ शकते. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून अशा काही द्रवांत मिथेनॉल घालतात. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ते विष मिथेनॉलच होते. आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून तसला द्रव आपल्याला लागतच नाही. मूळ बाटली, घट्ट झाकण आणि उंच फळी, एवढे पथ्य पाळावे.

पंचशीलातील पाचवे शील आपण रोज म्हणतो. मद्य टाळायचे ते त्यातून प्रमाद, म्हणजे गाफीलपणा, उपजतो म्हणून. दारूला न शिवणारा ड्रायव्हरही गाफील राहिला तर प्रमाद घडतोच. गावच्या मंडळाने गाडी ठरविताना भाड्याची घासाघीस जरूर करावी, पण निघण्यापूर्वी ड्रायव्हरदादांना काचेवर एकदा पाणी मारून दाखवायलाही सांगावे. त्यात त्यांचा अपमान नाही. त्यांच्याही घरी कोणीतरी वाट पाहत असते.

जयभीम!