बदकांचा 'हो' आणि बदकांचा 'नाही'

बदक 'क्वॅक क्वॅक' करतं हे आपण बालवाडीत शिकलो. पण मोठ्याने क्वॅक करते ती फक्त मादी! नराचा आवाज बसलेल्या घशासारखा, घोगरा असतो. शिवाय नराच्या शेपटीवर एखाद-दोन पिसं वर कुरळी झालेली दिसतात. एवढं ओळखता आलं की पुढचा सगळा पिक्चर समजतो.

माझ्या घरी, कुडाळजवळ, परसात लहानपणापासून बदकं आहेत. त्यामुळे मित्रांचा नेहमीचा प्रश्न : "अरे, ती भांडतायत की प्रेम करतायत?" उत्तर असं, की लांबून सारख्या दिसणाऱ्या तीन गोष्टी तिथे चालतात : प्रियाराधन, दादागिरी आणि जबरदस्ती.

पहिलं प्रियाराधन. मस्कोव्ही सोडली तर आपली सगळी पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकापासून आली. हा मॅलार्ड आणि त्याचे भाऊबंद कसे हावभाव करतात, याचा तुलनात्मक अभ्यास कोनराड लोरेन्झ यांनी 1941 मध्ये छापला. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामाबद्दल त्यांना 1973 चं नोबेल (दोघांबरोबर विभागून) मिळालं. मुख्य खूण म्हणजे मान वर-खाली करणं. नर पाण्यात मादीसमोर मान पंपासारखी हलवतो. मादीला मान्य असेल तर तीही तशीच हलवते आणि मग पाण्यावर सपाट होते. कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत हा 'हँडशेक'. दोन्हीकडून सिग्नल आला तरच कनेक्शन!

मादीचा आणखी एक सिग्नल फार मजेशीर आहे. ती आवडत्या नराच्या मागे चालते आणि नको असलेल्या नराकडे खांद्यावरून मान वळवून वळवून ओरडते. अर्थ सरळ आहे : "मी याच्याबरोबर आहे, त्याला हाकल."

दुसरी दादागिरी. नॉर्वेच्या शेल्डेरुप-एबे यांनी 1921 मध्ये कोंबड्यांमधली 'कोण कोणाला टोचणार' ही उतरंड मांडली. बदकांतही सीनिऑरिटी असतेच. नवीन बदक आलं की छातीला छाती भिडते, मान धरली जाते, पंखांचे फटके बसतात. कधी मादी मादीवर किंवा नर नरावर चढतो, तोही बहुधा "मी वरचढ" असं सांगण्यासाठी. एक जण मागे हटला की विषय संपतो. रक्त नसेल तर आपण मध्ये पडू नये.

तिसरी जबरदस्ती, आणि इथे मात्र हसू नका. मादी अंग फुगवून, मान आत ओढून कर्कश ओरडते किंवा पळत सुटते, तो स्पष्ट 'नाही' असतो. मिलनात नर मादीच्या मानेची पिसं चोचीत धरतो. नर जास्त असले की तीच मान वारंवार धरली जाते, पिसं जातात, जखमा होतात. पाण्यात दोन-तीन नर एकदम चढले तर मादी बुडूनही मरते.

आपल्या मेसच्या मागे तीन नर आणि दोन माद्या आहेत. त्यातल्या एकीची मान मागून उघडी पडली आहे आणि ती लंगडते. तिला रोग झालाय, विकून टाका, असा सल्ला मामांना मिळाला होता. मी त्यांना म्हटलं, "मामा, आधी नर वेगळे करून बघा." साधारण एका नरामागे चार ते सहा माद्या हव्यात. म्हणजे इथे एकही नर नसला तरी चालेल, कारण अंडी घालायला मादीला नर लागत नाही, फक्त पिल्लं हवी असतील तरच लागतो. माद्या नजरेआड असल्या की नर एकमेकांत बहुतेक वेळा गुण्यागोविंदाने राहतात. तेव्हा मध्ये आडोसा हवा. वर्कशॉपच्या भंगारातले चार पत्रे मिळाले तर एका रविवारचं काम आहे. रेक्टर सर, परवानगी द्याल ना? हात आम्ही लावतो.

आणि ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा : वेगळा काढलेला नर कोंबड्यांत सोडू नका. कोंबडीचं शरीर त्याच्यासाठी बनलेलं नाही, तिला आतून गंभीर इजा होऊ शकते.