उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील बालसंगोपन व पूर्वप्राथमिक शिक्षण

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही ठाणे जिल्ह्यात मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर ओळीने वसलेली शहरे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे ५,०६,०९८, २,५३,४७५ व १,७४,२२६ होती. येथील सहा वर्षांखालील मुलांचे पोषण, सांभाळ व शिक्षण हे अंगणवाड्या, खासगी बालवर्ग, पाळणाघरे आणि आजी-आजोबा वा शेजारीण यांच्यात वाटले गेले आहे. या सर्वांना सांधणारी एकच नगरव्यापी व्यवस्था नाही.

पार्श्वभूमी

अशा एकत्रित व्यवस्थेचा पूर्वीचा नमुना जुन्या ठाणे जिल्ह्यातच आढळतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या वस्तीतील अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ ती हीच. पुढे कोसबाड (आता पालघर जिल्हा) येथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालवल्या गेल्या. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीची शाळा बुडत असे, ती अडचण त्यामुळे दूर झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाल्या. कुटुंबाची दिनचर्या पाहून शाळा आखायची, हा या प्रयोगाचा गाभा होता आणि नंतरच्या सरकारी योजनांत नेमका तोच विरळ झाला.

सद्यःस्थिती

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण या सहा सेवा अंगणवाडीतून मिळतात. वस्तीत सहा वर्षांखालील ४० मुले असूनही अंगणवाडी नसेल, तर रहिवाशांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिला. हा हक्क अनेक पालकांच्या गावीही नसतो.

उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिले. त्यामुळे येथे सिंधी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. मुलाची पहिली भाषा आणि वर्गाची भाषा एकच असेल असे नाही. बदलापूरचा प्रश्न वेगळा, तो वेळेचा. तेथून मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. लोकलने जाण्यास दीड तास व येण्यास तितकाच. त्यात कामाचे आठ तास मिळवले, की आई अकरा तास घराबाहेर. अंगणवाडी मात्र दिवसातील काही तासच भरते. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी रोज साडेसात तासांची सोय अपेक्षित आहे. म्हणजे तेथेही साडेतीन तासांची तूट उरतेच.

सुरक्षितता व नियमन

२००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षे वयोगटाला लागू आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी राज्य शासन मोफत शिक्षणाची व्यवस्था करू शकेल, एवढेच त्याच्या ११ व्या कलमात म्हटले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर मानला. तरी खासगी बालवर्ग दीर्घकाळ शिक्षण खात्याच्या थेट देखरेखीबाहेर राहिले.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार नोंदवली गेली. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे कित्येक तास रोखून धरली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. शाळांतील सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पूर्वचौकशी आणि मुलींसोबत महिला सेविका असणे या बाबी त्यानंतर चर्चेत आल्या. २०२५ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना शासकीय संकेतस्थळावर आपली नोंदणी करण्यास सांगितले.