आपल्याच गावात पाहुणे

मुलगी नोकरीनिमित्त अटलांटात असते. गेल्या वर्षी तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने आम्हा दोघांना सव्हाना दाखवायला नेलं. अटलांटाहून गाडीने चार तासांचा रस्ता. जॉर्जिया राज्यातलं हे नदीकाठचं गाव जेम्स ओगलथॉर्प यांनी १७३३ साली आखून वसवलं. दोन-चार गल्ल्या ओलांडल्या की एक चौक, चौकात बाग, बागेत ओकची जुनी झाडं आणि त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा. असे चोवीस चौक होते, त्यांतले बावीस आजही आहेत. दिवसभर पायी हिंडलो. संध्याकाळी बाकावर शेजारी बसलेल्या एका आजींनी चौकशी केली, "तुमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे?"

मी चिंचवडला तीस वर्षं राहतोय. तोंडून उत्तर आलं, "कारखाने आहेत."

उत्तर खोटं नव्हतं, पण फार अपुरं होतं. परत आल्यावर मी पहिल्यांदा आपलं गाव पाहुण्याच्या डोळ्यांनी हिंडून पाहिलं. हा लेख त्या हिंडण्याचा आहे.

सव्हाना वाचलं कसं?

आज पर्यटकांनी गजबजलेलं सव्हाना एके काळी पाडायला निघालं होतं. १९५४ साली तिथली जुनी मंडई जमीनदोस्त झाली, कशासाठी तर मोटारींच्या पार्किंगसाठी. पाठोपाठ डेव्हनपोर्ट हाउस या १८२०च्या सुमाराच्या विटांच्या घरावरही पार्किंगसाठीच हातोडा पडणार होता. तेव्हा, १९५५ साली, गावातल्या सात बायका एकत्र आल्या. त्यांनी पैसे जमवून ते घर विकत घेतलं आणि वारसा जपणारी संस्था उभी केली. पुढे मंडईच्या जागचं पार्किंगही पाडलं गेलं. गाड्या जमिनीखाली गेल्या आणि २०१० साली तिथला चौक लोकांसाठी पुन्हा खुला झाला.

हे गाव आपली काळी बाजूही दाखवतं. कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या चर्चमध्ये लाकडी जमिनीला नक्षीसारखी भोकं आहेत. पळून आलेले गुलाम खाली लपत आणि या भोकांतून त्यांना हवा मिळे, असं तिथे सांगतात. दिवसभर मालकाचं काम करून रात्री गुलामांनीच हे चर्च बांधलं, हेही सांगतात. ते ऐकताना पाहुणे गप्प होतात.

सव्हानाची मंडई पडली त्याच १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. सरकारी मालकीचा, पेनिसिलीन तयार करणारा हा कारखाना. त्यामागून भोसरी, चिंचवड, आकुर्डीत कारखान्यांची रांग लागली. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. नंतर हाच पट्टा चाकणपर्यंत पसरला. मराठवाडा, विदर्भ, सातारा, सांगली, खानदेश, पुढे बिहार आणि उत्तर प्रदेशातूनही माणसं आली. म्हणूनच आपल्याकडे ओळख होताच पहिला प्रश्न येतो, "मूळ गाव कुठलं?" उत्तरात लातूर येतं, कराड येतं, जळगाव येतं, चिंचवड किंवा चाकण क्वचितच. आपण इथे नोकरी करतो, घराचे हप्ते फेडतो, मुलांची लग्नं करतो आणि तरी मनाने परगावचेच राहतो. गाव आपलं वाटायला आधी ते पाहावं लागतं.

मोरयाच्या दारी

सुरुवात चिंचवडगावातून करावी. पवनेच्या काठावर मोरया गोसावींचं समाधी मंदिर आहे. कळसांचा डामडौल नाही. ठेंगणं, साधं, भक्कम दगडी बांधकाम आहे. मंदिरावरच्या शिलालेखात शके १५८०चा उल्लेख आहे, म्हणजे इसवी सन १६५८-५९. नदीला पूर आला की पाणी आवारात शिरतं आणि ओसरलं की पुन्हा घाट धुतला जातो. जगात जिथे जिथे मराठी माणूस "गणपती बाप्पा मोरया" म्हणतो, तिथे तिथे या घाटावरच्या सत्पुरुषाचं नाव घेतलं जातं. अटलांटातल्या गणेशोत्सवात माझी नातही ते म्हणते. त्यातला 'मोरया' आपल्याच गावचा, हे तिला मी यंदा सांगितलं.

जवळच मंगलमूर्ती वाडा आहे. भाद्रपदात आणि माघात इथली पालखी मोरगावला जाते. कारखान्यांची पहिली शिट्टी वाजण्याच्या कितीतरी आधीपासून ही वाट चालू आहे.

चापेकरांचं घर

तिथून चालत चापेकर वाड्यावर जावं. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव ही कीर्तनकार हरिपंत चापेकरांची मुलं. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. रोग्यांच्या शोधासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले. माजघरापर्यंत झडत्या झाल्या, बायकामाणसांची अप्रतिष्ठा झाली. त्या संतापातून २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून ते परतत होते.

पुढचा हिशोब तारखांचाच आहे. १८ एप्रिल १८९८, दामोदर. ८ मे १८९९, वासुदेव. १० मे, त्यांचे सोबती महादेव रानडे. १२ मे, बाळकृष्ण. चौघेही येरवड्यात फासावर गेले. एका आईची तीन मुलं तेरा महिन्यांच्या आत गेली. आज या वाड्याचं स्मारक झालं आहे. चापेकर चौकातून आपण रोज सिग्नल सुटायची वाट पाहत जातो, वाडा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. एकदा आत जाऊन त्या चार तारखा मुलांना मोठ्याने वाचायला सांगाव्यात.

छप्पन दिवसांचं चाकण

चाकणच्या गर्दीत, घरांनी वेढलेला संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे. डोंगर नाही, कडा नाही. तटाचे काही भाग, बुरूज, दरवाजा आणि खंदकाच्या खुणा उरल्या आहेत. आडोसा नसलेल्या या जागी इतकी मोठी झुंज झाली, हेच आधी खरं वाटत नाही.

१६६०च्या मे महिन्यात शाइस्ताखान पुण्यात आला. त्याला रसदेसाठी अहमदनगरची वाट मोकळी हवी होती आणि त्या वाटेवर चाकण होतं. २१ जूनला वेढा पडला. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. त्यांच्याकडे तीन-साडेतीनशे माणसं, समोर हजारोंची मोगली फौज. शिवाजी महाराज तेव्हा पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकलेले, त्यामुळे मदत येण्याची आशाच नव्हती. तरी भर पावसात कोट झुंजत राहिला. तोफांनी काम होईना, तेव्हा खानाने बुरुजाखाली भुयार खणवून सुरुंग ठासला. १४ ऑगस्टला बुरूज माणसांसकट उडाला. खिंडारापाशी त्या दिवशीही मोगल अडवले गेले. दुसऱ्या दिवशी कोट पडला. मोगलांचे २६८ ठार आणि ६०० जखमी झाले. खानाने फिरंगोजींना मोठ्या चाकरीची लालूच दाखवली, ती झिडकारून ते महाराजांकडे परतले. इतका लहान कोट घ्यायला इतके दिवस लागले, तर डोंगरी किल्ल्यांना किती लागतील, याचा अंदाज मोगलांना तिथेच आला.

बुरुजावर उभा होतो तेव्हा बाहेरच्या रस्त्यावरून कंपनीच्या बस चालल्या होत्या, पहिली शिफ्ट सुटली होती. आज पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता चाकणला एकमेकांना छेदतात. खानाला चाकण रस्त्यासाठी हवं होतं, मोटार कंपन्यांनाही ते रस्त्यासाठीच हवं होतं. गावाचं नशीब वाटांनीच लिहिलं आहे.

गावातलं चक्रेश्वराचं जुनं देऊळही पाहावं. दशरथाच्या रथाचं चाक इथे पडलं आणि त्या चक्रावरून चाकण हे नाव आलं, अशी कथा तिथे सांगतात. दिवस उरला तर औद्योगिक वसाहतीच्या कडेचा भामचंद्र डोंगर गाठावा. तुकोबा इथे एकांतात बसत, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. उद्योग डोंगराच्या पायथ्याला भिडू लागले, तेव्हा वारकऱ्यांनीच आवाज उठवला. सव्हानातल्या त्या सात बायकांची मला इथे आठवण झाली.

जायचं कसं?

मेट्रोने पिंपरीपर्यंत यावं, तिथून रिक्षाने किंवा पीएमपीच्या बसने चिंचवडगाव. समाधी मंदिर, मंगलमूर्ती वाडा आणि चापेकर वाडा पायी दोन-तीन तासांत होतात. चाकणला सकाळी लवकर निघावं, नाहीतर महामार्गावरच्या ट्रकांतच दिवस संपतो. भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यांना त्या दिवशी गर्दीही कमी लागेल. सोबत पाणी आणि टोपी ठेवा. तटावर नावं कोरू नका आणि कोणी कोरत असेल तर त्याला थांबवा.

महापालिका आणि पुरातत्त्व खातं त्यांचं काम करोत, आपण आपलं करू. या वास्तूंपाशी रोज चार माणसं थांबली, प्रश्न विचारू लागली, तर तिथे कचरा टाकणाऱ्याचा आणि भिंत पाडणाऱ्याचा हात आपोआप आखडतो. कंपन्यांच्या कामगार संघटनांनी, सोसायट्यांनी आणि शाळांनी वर्षातून एक फेरी इथे काढावी. दूरच्या सहलींसाठी आपण वर्गणी काढतोच, या फेरीला तर बसभाड्याएवढाच खर्च येतो.

येत्या सुट्टीला मुलांना घेऊन संग्रामदुर्गावर जा. तिथे उभं राहून त्यांना फिरंगोजींची गोष्ट सांगा. पुढे कोणी त्यांना गाव विचारलं, तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असू द्या.