डाय बदलायला चाळीस मिनिटं

भोसरीच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या पगार विभागात मी ३१ वर्षं काढली. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की माझ्या टेबलासमोर रांग लागायची. प्रश्न ठरलेला, "मॅडम, यंदा किती बसला?" मी आकडा सांगायचे. कुणी पेढे आणायचं, कुणी तोंड फिरवून जायचं. हिशेब समजावून द्या म्हणणारा एखादाच.

माझे वडील परळच्या गिरणीत साचेवाले होते, त्यामुळे बोनस हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. इंग्रजांनी आठवड्याचा पगार बंद करून महिन्याचा सुरू केला, त्यात आपला तेरावा पगार बुडत होता आणि तोच पुढे बोनस झाला, अशी एक गोष्ट दर दिवाळीला व्हॉट्सअॅपवर फिरते. ती सोडून द्या. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, गिरण्या मात्र नफ्यात होत्या. म्हणून १९१७ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना पगाराच्या १० टक्के आणि पुढच्या वर्षी १५ टक्के जादा मिळाले. १९२३ मध्ये मालकांनी ते बंद केलं आणि १९२४ च्या जानेवारीत गिरण्या थंड पडल्या. चौकशी समितीनं निकाल दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. तो हक्क मिळायला १९६५ चा कायदा यावा लागला.

हे सांगायचं कारण, आजही निम्म्या लोकांना आपला बोनस हक्काचा की साहेबाच्या मर्जीचा, हे माहीत नसतं. १९६५ च्या कायद्याप्रमाणे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि वर्षात निदान ३० दिवस काम झालं असेल, तर बोनस हक्काचा. ही मर्यादा २०१५ च्या दुरुस्तीनं आली. कमीत कमी ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के. पण तो तुमच्या पुऱ्या पगारावर धरत नाहीत. दरमहा ७ हजार किंवा किमान वेतन, यातलं जे जास्त असेल तेवढ्यावरच धरतात. ७ हजारांनी हिशेब केला तर वर्षाला साधारण ७ हजार, आणि २० टक्क्यांनी १६,८००. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी वेतन संहिता लागू झाली, तिच्यातही ८.३३ आणि २० हेच आकडे आहेत.

इथे हजेरीला किंमत असते. दिवस भरले नाहीत तर रक्कम त्या प्रमाणात कापली जाते. मात्र भरपगारी रजा, बाळंतपणाची रजा आणि कामावर अपघात होऊन घरी बसलेले दिवस कामाचेच धरायचे असतात. आमच्याकडे एकदा असेंब्लीतल्या एका मुलीचे बाळंतपणाचे दिवस गैरहजेरीत गेले होते. मस्टर मीच तपासलं होतं, चूक माझ्याच खात्याची. ती पगाराची चिठ्ठी घेऊन आली म्हणून सापडली. नसती आली तर तिचे पैसे गेले होते.

पगार मर्यादेच्या वर गेला की खेळ बदलतो. मग येतो तो व्हेरिएबल. एकूण पॅकेजमध्ये छापलेला, पण हातात पडेलच असा नाही. त्याचा एक भाग कंपनीच्या नफ्यावर असतो, तिथे आपलं काही चालत नाही. दुसरा भाग आपल्या रेटिंगवर, आणि ते रेटिंग आपल्या माघारी ठरतं. मार्च सरला की सगळे खातेप्रमुख एका खोलीत बसायचे. पडद्यावर एक्सेलची शीट लावायला मी असायचे, म्हणून दरवर्षी हे ऐकायला मिळालं. सगळ्यांनाच वरचं रेटिंग देता येत नाही, कुणाला तरी खाली आणावंच लागतं.

एका वर्षी एक खातेप्रमुख म्हणाले, "साहेब, पोरगा फार मेहनती आहे. कधी नाही म्हणत नाही." प्लँट हेड चष्मा पुसत राहिले. पुढचं नाव प्रेस शॉपच्या सुपरवायझरचं. त्याच्या साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली. "दोनशे टनी प्रेसवर डाय बदलायला सत्तर मिनिटं लागायची. यानं ती चाळीसवर आणली. दिवसाला तीन बदल, म्हणजे रोजचा दीड तास वाचला." चष्मा डोळ्यांवर गेला. मेहनती पोरगा चारावरून तिनावर आला, सुपरवायझर चारावर राहिला. मला त्या पोराचं वाईट वाटलं, कारण रात्री दहापर्यंत थांबताना मी त्यालाच पाहिलं होतं.

ती चिठ्ठी सुपरवायझरनंच लिहून दिली होती, हे मला नंतर कळलं. तो मूळचा कोल्हापूरकडचा, गप्प माणूस. पण खिशात छोटी वही, आणि दर शनिवारी शिफ्ट सुटताना दोन ओळी: काय बदललं, आधी किती होतं, आता किती आहे. बस्स. नाहीतर सेल्फ अप्रेझलच्या फॉर्मवर शंभरातले नव्वद जण "वरिष्ठांनी दिलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली" हेच लिहितात. ते वाचून वाचून माझे डोळे गेले!

आणि वेळ चुकवू नका. एप्रिलमध्ये नाराजी सांगून काही होत नाही, पैसा तोवर वाटून झालेला असतो. डिसेंबर-जानेवारीत साहेबांसमोर बसून "माझं कुठे कमी पडतंय?" असं सरळ विचारावं. मराठी माणसाला हे विचारणं म्हणजे लाचारी वाटते. मलाही वाटायची, म्हणून माझं रेटिंग कायम तीन. नोकरी बदलायची असेल तर राजीनाम्याआधी नेमणूकपत्र काढून वाचा. वाटपाच्या दिवशी कामावर नसाल तर व्हेरिएबल मिळणार नाही, अशी अट बहुतेकदा असते. कायद्याच्या बोनसचं तसं नाही. नोकरी सोडली तरी काम केलेल्या दिवसांपुरता तो मागता येतो.

गेल्या मार्चमध्ये भाच्याचा रात्री फोन आला. हिंजवडीत असतो. "मावशी, उद्या फॉर्म द्यायचाय, काय लिहू?"

"वर्षभरात काय केलंस?"

"खूप केलं गं. आता आठवत नाहीये."

दीड वाजेपर्यंत तो जुन्या मेल उपसत बसला. सकाळी त्यानं अकरा कामांची यादी पाठवली. त्यातली चार त्याच्या साहेबांना माहीतच नव्हती.