लळा लावलेल्या रानजनावराचे घर कोणते?

गोव्याच्या डिचोली तालुक्यातले मुळगाव असो की पेडण्यातला एखादा वाडा, या भागात घर, कुळागर आणि रान यांच्या मधोमध कुंपण असतेच असे नाही. काजूच्या डोंगरावरून माकडांची टोळी माडांवर उतरते, भेकर ओहोळावर पाण्याला येते, उदमांजर माळ्यावर पिले घालते. त्यात खाणींनी डिचोलीचे डोंगर कापले, रस्ते रुंदावले, वाहने वाढली. मग कधी विजेच्या तारेने मेलेल्या माकडिणीच्या पोटाला बिलगलेले पिल्लू, तर कधी कुत्र्यांनी आईपासून तोडलेले पाडस कोणाच्या तरी अंगणात येते. घरची माणसे त्याला ऊब देतात, दूध पाजतात, नाव ठेवतात. यात कोणाचा दोष काढण्यासारखे काही नाही. प्रश्न आहे तो पुढचा, म्हणजे हे पिल्लू मोठे झाले की राहणार कुठे? याचे उत्तर सरळ आहे, पण पचायला जड. ज्या हातांनी ते जगवले त्याच हातांनी ते वेळेवर सोपवणे हा त्या मायेचाच भाग आहे. मात्र सोपवायची जागा जशी आपले अंगण नव्हे, तसे सरसकट जंगलही नव्हे.

अंगण का नव्हे, ते प्राण्याच्या वाढीतच दडलेले आहे. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा दिसलेल्या हलत्या जिवामागे हंसाची पिले कशी चालू लागतात, हे कोनराड लोरेन्झ यांनी १९३० च्या दशकात दाखवले. सस्तन प्राण्यांत हे इतके झटपट घडत नाही, पण दिशा तीच असते. आपण कोण, कोणाला भ्यायचे, कोणापुढे नमायचे, हे माकडाचे पिल्लू टोळीत शिकते. माणसांत वाढलेले पिल्लू घरालाच टोळी समजते. लहान असते तोवर ते खांद्यावर बसते. वयात आले की टोळीतला आपला क्रम ठरवण्यासाठी जी झटापट त्याने इतर माकडांशी केली असती, ती ते घरातल्या लेकरांशी आणि म्हाताऱ्यांशी करते. त्याचा चावा हा उपकार विसरल्याचा पुरावा नसतो, ते आपल्या जातीप्रमाणे वागत असते. मग गळ्यात साखळी येते, आणि बंदिवासातले माकड पंचवीस-तीस वर्षे जगू शकते हे ध्यानात घेतले की त्या साखळीची लांबी कळते. रोगांची बाब वेगळीच. २०१५ साली सत्तरीत आणि त्यापाठोपाठ शेजारच्या दोडामार्गात माकडतापाने माणसे दगावली. हा विषाणू गोचिडांमार्फत पसरतो, माकडेही त्याला बळी पडतात. रानातून आलेले पिल्लू थेट पाळण्याशेजारी ठेवण्यात हा धोका असतो.

उशीर झाला की सोपवणे किती अवघड होते, हे कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी गावाने अलीकडेच दाखवून दिले. तिथल्या जैन मठातील महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण १९९२ पासून गावात होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तिला गुजरातमधील जामनगरच्या ‘वनतारा’ केंद्रात हलवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. हत्तीण निघाली तेव्हा गाव रडले, पुढे मोर्चे निघाले, ‘वनतारा’ चालवणाऱ्या उद्योगसमूहाच्या मोबाइल सेवेवर बहिष्कार टाकण्यापर्यंत गोष्ट गेली. हे दुःख खोटे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. पण तिच्या पायांचे आणि सांध्यांचे दुखणे न्यायालयापुढे मांडले गेले होते, तेही दुर्लक्षून चालणार नाही. हत्ती हे मातीवरून मैलोन्‌मैल चालणारे, कळपात राहणारे जनावर. त्याने कठीण फरशीवर एकट्याने वर्षे काढली की पाय आणि मन दोन्ही बिघडतात, मग भोवतालची माणसे कितीही प्रेमळ असोत. नांदणीचा धडा असा की माणसाची माया आणि प्राण्याची हालअपेष्टा एकाच अंगणात नांदू शकतात. दुसरा धडा सरकारसाठी आहे. तीन दशकांचे नाते कागदावरच्या आदेशाने एका रात्रीत तोडले तर योग्य निर्णयही लोकांना अन्याय वाटतो. पुढे नांदणी परिसरातच हत्तींसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आला. लोकांशी बोलणी आधी झाली असती तर कदाचित बराच कडवटपणा टळला असता.

मग जंगलात सोडून द्यावे, हा पहिला आक्षेप. आपल्याकडे तर म्हादई अभयारण्य दाराशी आहे. केनियात जॉय आणि जॉर्ज अ‍ॅडमसन यांनी १९५६ पासून एल्सा या सिंहिणीला वाढवले, शिकार शिकवून रानात सोडले आणि तिला तिथे पिलेही झाली. पण जॉर्ज हे शिकार खात्याचे अधिकारी होते आणि दोघांनी आयुष्यच त्या कामाला वाहिले होते. तरीही १९६१ च्या आरंभी एल्सा गोचिडांमुळे होणाऱ्या रोगाने गेली, तिच्या पिलांनी लोकांच्या शेळ्या मारल्या आणि शेवटी ती पिले पकडून सेरेनगेटीत न्यावी लागली. आपल्या शेजारचा दाखला जुन्नरचा आहे. या शतकाच्या आरंभी तिथे पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडले गेले. जिथे सोडले त्या भागांत माणसांवरचे हल्ले वाढल्याचे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले. ते बिबटे तर रानातच वाढलेले होते. माणसाची भीतीच नसलेले जनावर सोडले तर ते पहिल्या भुकेला गाव गाठणार. आणि गाव नेहमी दूध घेऊन उभे नसते. सत्तरीतील गोळावली येथे जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषाने मेलेले सापडले, ही आपल्याच रानातली घटना आहे.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. घरातल्या मायेपेक्षा प्राणीसंग्रहालयाचा पिंजरा बरा कसा? उत्तर प्रदेशात २०२३ साली एका शेतकऱ्याने जगवलेला सारस पक्षी वन खात्याने आधी समसपूरच्या पक्षी अभयारण्यात नेला, मग कानपूरच्या प्राणीसंग्रहालयात. माणसाची ओढ लागलेला तो पक्षी बंदिस्त झालेला पाहून देश हळहळला, आणि ती हळहळ अनाठायी नव्हती. म्हणून जागा पारखूनच सोपवायला हवे. अभयारण्य म्हणजे रानजनावरांसाठी राखलेली जमीन. हाताने वाढवलेले जनावर सहसा तिथे मोकळे सुटत नाही. त्याची रवानगी बचाव केंद्रात किंवा प्राणीसंग्रहालयात होते. गोव्यात बोंडला अभयारण्यातच असे संग्रहालय आहे. १९६९ साली स्थापन झालेले हे अभयारण्य जेमतेम आठ चौरस किलोमीटरचे आहे, त्यामुळे जागेची मर्यादा उघडच आहे. पण प्रश्न पिंजऱ्याच्या आकारापुरता नसतो. तिथे त्याच्याच जातीची सोबत मिळेल का, नव्या जनावराला आधी वेगळे ठेवून तपासले जाते का, पशुवैद्य आहे का, खेळ करून दाखवायला त्याला वापरत नाहीत ना, हे विचारायला हवे. याची उत्तरे समाधानकारक असतील तर ती जागा घरापेक्षा बरी, कारण माणूस त्याला दुसरे माकड कधीच देऊ शकत नाही.

हेमलकशाचे उदाहरण हमखास पुढे येते. प्रकाश आमटे यांनी भामरागडच्या रानात शिकारीत अनाथ झालेली पिले वाढवली, बिबटे आणि अस्वले त्यांच्या अंगाखांद्यावर खेळली, मग आम्ही का नको? पण तो पुरावा उलटाच आहे. एका घरातल्या हौसेचे ते काम नव्हते. १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाला जोडून दशकानुदशके जागा, माणसे आणि खाणे पुरवत उभे राहिलेले ते अनाथालय आहे. आपण अशा ठिकाणी पिल्लू सोपवावे, त्याची नक्कल परसात करू नये.

शेवटचा आक्षेप भीतीचा. वन खात्याला कळवले तर गुन्हा दाखल होईल, म्हणून लोक पिल्लू लपवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानजनावर सरकारची मालमत्ता आहे आणि ते हाती आले तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावे लागते. हा अवधी कायद्यापेक्षाही पिलाच्या दृष्टीने मोलाचा आहे. जुन्नर भागात ऊसतोडणीत सापडलेले बिबट्याचे बछडे तपासून संध्याकाळी त्याच फडात ठेवतात, आणि अनेकदा आई येऊन त्यांना घेऊन जाते. दोन महिने बाटलीने दूध पाजल्यावर ती वाट बंद होते. म्हणून गोव्याच्या वन खात्याने दोन गोष्टी कराव्यात. वेळेवर कळवणाऱ्याला गुन्हेगारासारखे वागवणार नाही हे ग्रामसभांत जाहीर सांगावे, आणि उशिरा सोपवलेल्या प्राण्याच्या बाबतीत त्याला वाढवणाऱ्या माणसाला सुरुवातीचे काही दिवस नव्या रखवालदारासोबत राहू द्यावे. खाणे, आवाज, सवयी यांची माहिती त्याच्याइतकी कोणाकडेच नसते. आणि वाचकांना एवढेच सांगणे आहे की अंगणात पिल्लू आले तर त्याला ऊब द्या, नाव ठेवण्याआधी वन खात्याला फोन करा, आणि घरात आधीच वाढलेले जनावर असेल तर उद्यावर ढकलू नका. प्रत्येक महिन्यागणिक त्याला आपल्या जातीत परतणे अवघड होत जाते.