वॉलायच्या विणीचा हंगाम

उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यात राहणाऱ्या वॉलाय या माशाच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो, आणि त्यायोगे गढूळ पाण्यात व मंद उजेडातही भक्ष्य हेरण्याचे सामर्थ्य त्यास लाभते. परंतु विणीसाठी उथळ पाण्यात आल्यावर दिव्याच्या झोतात हेच डोळे लकाकतात आणि त्याचा ठावठिकाणा उघड करतात.

बर्फ वितळून पाण्याचे तापमान ५ ते १० अंश सेल्सियसच्या दरम्यान आले, की ईरी सरोवरातून ओहायो राज्यातील मॉमी नदीत वॉलायच्या झुंडी चढू लागतात. लहान चणीचे नर आधी येऊन थांबतात. गाभोळीने जड झालेली मादी मागाहून येते, आणि रात्रीच्या वेळी नर तिला बाजूंनी ढुशा देत असता खडीवर अंडी सोडून बहुधा एका रात्रीत मोकळी होते. घरटे नाही, राखण नाही. जेमतेम दोन मिलिमीटर व्यासाची ती अंडी खडीच्या फटींत वाहत्या पाण्यातील प्राणवायूवर जगतात, आणि वर गाळ बसला की गुदमरतात.

अशा काळात मासेमारी करावी की नाही, याविषयी त्या मुलखात एकवाक्यता नाही. मिनेसोटात फेब्रुवारीअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत बहुतेक सरोवरांत वॉलाय पकडण्यास मनाई असते. ओहायोत मॉमीच्या थंडगार प्रवाहात ओळीने उभे राहून गळ टाकण्याची मुभा आहे. मात्र विणीच्या पट्ट्यात १ मार्च ते १ मेपर्यंत सूर्यास्तानंतर गळ आवरावा लागतो, आणि तो तोंडाच्या आत न लागता पोटात वा शेपटीत अडकला असेल, तर मासा तत्काळ सोडावा लागतो.

विस्कॉन्सिनच्या ओजिब्वे या मूलनिवासी लोकांची रीत याच्या नेमकी उलट. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८३७ च्या तहनाम्यात जमीन सोडताना त्यांनी मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. त्या हक्काने ते रात्री नावेत दिवा लावून, लकाकणारे डोळे हेरून भाला मारतात. १९८३ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने हा हक्क उचलून धरल्यावर सरोवरांच्या धक्क्यांवर विरोधकांची मजल दगडफेकीपर्यंत गेली. वस्तुतः प्रत्येक सरोवरातून किती मासे घ्यावयाचे याची मर्यादा आधीच ठरलेली असते, आणि धक्क्यावर उतरलेला मासा मोजला जातो.

भाल्यास निर्दय म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ऑगस्टमध्ये गळाला लागून ताटात गेलेली मादीही पुढल्या वसंतात विणीस येत नाही. सबब माशाचा वंश टिकावयाचा, तर कोणते हत्यार कोणत्या प्रहरी वापरले याहून एकंदर किती मासे घेतले, याचाच हिशेब अधिक चोख असावयास हवा.